चौथा सर्व्हर आणि गुप्ते

गुप्त्यांच्या डोंबिवलीच्या फ्लॅटच्या चाव्या इतक्या लोकांकडे आहेत, की चोर आलाच तर दार कोणी उघडायचं यावरून शेजाऱ्यांत भांडणं होतील. एक चावी खडवलीला मावसभावाकडेही आहे. उद्या अख्खी डोंबिवली एकदम बाहेरगावी गेली तर असावी म्हणून. "एकाच जागी ठेवलेली वस्तू हरवलेलीच समजायची," हे गुप्त्यांचं ब्रह्मवाक्य. विनोदसुद्धा ते तिघांना सांगून ठेवतात.

हा माणूस आमच्या ठाण्याच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळतो, हे त्या डेटाबेसचं पूर्वपुण्य. एका पॅथॉलॉजी लॅबच्या सगळ्या पेशंटांच्या नोंदी आमच्याकडे तीन सर्व्हरवर असतात, तिघांवर त्याच. लॅबच्या शाखा वाढल्या, तिघांना धाप लागली, म्हणून चौथा आणला.

गुप्त्यांनी त्याला जुन्यांतल्या जरा कमी दमलेल्या सर्व्हरकडून सगळी माहिती उतरवून घ्यायला बसवलं आणि स्वतः समोर खुर्ची टाकली. डबाही तिथेच खाल्ला.

"झालं का हो?" आमचे मॅनेजर सावंत साहेब. "लॅबच्या काउंटरवर लाइन लागलीय."

"अर्ध्यावर आलाय, साहेब. नव्याला आधी ऐकू द्या. बोलेल मागाहून."

"अहो, मशीन आहे ते. बारसं करताय का त्याचं?"

गुप्ते हात धुवायला गेले आणि साहेबांनी चौथ्याला कामाला जुंपलं. लगेच कल्याणच्या शाखेतून फोन. समोर उभ्या असलेल्या आजी अस्तित्वातच नाहीत, असं नवा सर्व्हर छातीठोकपणे सांगत होता. आजींना तर रिपोर्ट घेऊन दुपारीच डॉक्टरकडे जायचं होतं. ऑपरेशन करायचं की नाही ते ठरणार होतं.

गुप्त्यांनी ओल्या हातांनीच चौथ्याला बाजूला काढलं. फोनही स्वतः घेतला.

"आजींना द्या जरा... आजी, तुम्ही आहात हं. नाव, रिपोर्ट, सगळं आहे. आमच्यातला एकजण नवीन आहे, त्याला अजून तुमची ओळख नाही. आत्ता मिळेल रिपोर्ट."

मिळाला. संध्याकाळपर्यंत चौथाही सगळं उतरवून कामाला लागला. चहा घेताना मी म्हटलं, "काउंटरवाल्याने सांगितलं असतं की आजींना. तुम्ही कशाला?"

गुप्ते कपात बघत म्हणाले, "ओळखत नाही म्हटलं की कसं होतं, ते ठाऊक आहे रे. घरी गेलो की आई विचारते, आपण कोण? म्हणतो, श्रीकांत. म्हणते, हो का? आमचा मुलगाही श्रीकांतच. ठाण्याला असतो कामाला. येईल इतक्यात, बसा."

"मग?"

"मग बसतो."