इंजिनासाठी आयशॅडो

"मला कुणाची गरज लागत नाही," असं प्रशांत कासारे फोनवर ठणकावून सांगत. ऐकणारी एकटी अमृता, त्यांची हैदराबादची मुलगी, आणि तीही फक्त रविवारी, पोळ्या लाटता लाटता. बायको शालन जाऊन चार वर्षं झाली होती. नौपाड्यातल्या दोन खोल्यांत आता कासाऱ्यांना सोबत होती ती वीतभर लांबीच्या, रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या प्रतिकृतींची.

नवं इंजिन खोक्यातून निघायचं ते नवरदेवासारखं चकाचक. कासाऱ्यांना ते बघवायचं नाही. त्यांचं लहानपण कल्याणच्या डिझेल शेडशेजारी गेलेलं. खऱ्या इंजिनाच्या छपरावर काजळी हवी, चाकांपाशी गंज हवा, अंगावर तेलाचे ओघळ हवेत. हा मळ हुबेहूब चढला तर इंजिन, नाहीतर खेळणं! मळाची खास पावडर परदेशातून मागवावी लागे. पण बायकांची आयशॅडोही तेच काम करते, असं त्यांनी इंटरनेटवर वाचलं आणि तडक मालनबाईंचं लेडीज शॉप गाठलं.

हाताच्या पाठीवर रंग लावून बघत त्यांनी एक गंजासारखी तांबूस आयशॅडो निवडली, एक काळी, आणि एक मऊ ब्रश. मालनबाईंनी विचारलं, "कुणासाठी?"

साठी उलटलेल्या माणसानं खेळण्यातल्या इंजिनासाठी म्हणून कसं सांगायचं? "घरच्यांसाठी," कासारे पुटपुटले. मागे खालच्या मजल्यावरच्या वैशालीताई क्लिपा घेत उभ्या होत्या. कासाऱ्यांच्या घरी कुणीही नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी वैशालीताई साबुदाणावडे घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरापर्यंत डोकावून गेल्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी हरिहरराव आले. गच्चीवरच्या जेवणाला दोघांनी यायचं, असं बजावून गेले. मग तर रीघच लागली. चार वर्षांत ज्या दारात गॅसवाल्याशिवाय कुणी थांबलं नव्हतं, तिथे चपला मावेनात. कासाऱ्यांनी माळ्यावरचे कप काढले. खरं काय ते त्यांच्या रोज ओठांवर यायचं, पण तेवढ्यात चहाला उकळी फुटायची आणि गप्पा रंगायच्या. उद्या सांगू, असं म्हणून ते ब्रशानं इंजिनाला गंज चढवत बसायचे.

मग चक्क आडवारी अमृताचा फोन आला. वैशालीकाकूंनी तिला सगळं सांगितलं होतं. ती शनिवारी येणार होती. चौदा एप्रिलच्या जयंतीलासुद्धा सुट्टी न मिळालेली मुलगी! आता मात्र सांगायलाच हवं होतं. कासाऱ्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "ये."

अमृता साडी घेऊन आली. पाठोपाठ वैशालीताई सहज म्हणून आल्या. "बाबा, कुठे आहेत त्या?" अमृतानं विचारलं. कासाऱ्यांनी टेबलावरचा रुमाल उचलला.

इंजिन खरोखर सुरेख झालं होतं. आत्ताच घाट चढून आल्यासारखं दमलेलं दिसत होतं. वैशालीताईंनी आशेनं आतल्या खोलीत नजर टाकली आणि निघून गेल्या. अमृता मात्र हसली नाही. तिनं छपरावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली काजळी बघितली.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली. "पण आठवडाभर मी किती निर्धास्त झोपले होते."

कासाऱ्यांनी रुमाल परत इंजिनावर घातला. रविवारी ती गेली. साडी सासूबाईंना होईल म्हणून घेऊन गेली. वड्यांचा डबा वैशालीताईंनी मागून नेला. कप परत माळ्यावर गेले.

महिन्याभरानं वैशालीताई मालनबाईंच्या दुकानात शिरताना दिसल्या, तसे कासारेही मागोमाग शिरले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी लिपस्टिक मागितली. गडद लाल.

"इंजिनाला का हो?" वैशालीताईंनी विचारलं.

"छे, इंजिनाला लिपस्टिक कुठे लागते?" कासारे म्हणाले. मग घरी येऊन त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं आणि माळ्यावरचे कप उतरवून विसळायला घेतले.