त्र्याहत्तर अक्षरं आणि एक रांग

मंगळवारी सकाळी साडेदहाला डोंगरपट्ट्यातली त्र्याहत्तर अक्षरं क्रमांक घ्यायला आमच्या कार्यालयात आली. अक्षराने स्वतः हजर राहावं, असा नियमच आहे. सोबत सुकमती उसेंडी या निवृत्त शिक्षिका होत्या. अक्षरं गुडघ्याएवढी, अंगाने काटक. एकेकात अख्खा उच्चार मावलेला, त्यामुळे काना-मात्रेचं लटांबर नाही. सव्वीस वर्षं मी इथे कारकुनी करतोय, पण आत येताना पाय पुसणारे अर्जदार त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मोबाइलला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. क्रमांक नसेल तर अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. सुकमतीबाईंची थोरली बहीण नदीपलीकडे राहते. तिला ऐकू येत नाही आणि ही एकच लिपी वाचता येते. मागे बाईंनी तिला चार ओळी पाठवल्या, तर पलीकडे नुसते चौकोन पोहोचले. धाकटीने घराला खिडक्या बसवल्या असाव्यात, असं समजून थोरली खूश झाली होती.

"प्रत्यक्षात मी आजारी होती जी," सुकमतीबाई म्हणाल्या. "तेच कळवलं होतं."

नोंदणी त्याच दिवशी पाचला बंद होणार होती. पुढची नऊ वर्षांनी. थोरलीचं वय चौऱ्याहत्तर.

कागदपत्रं चोख होती. आमचे कुंभारे साहेब नियमाचे पक्के. त्यांनाही खोट सापडेना. मग त्यांनी विचारलं, "पहिलं कोण?"

अक्षरं अंगणात गोल करून बसली होती. कोणी हललं नाही.

"क्रमांक रांगेनेच मिळतो, बाई. एक नंबर कोणाला देऊ?"

"आमच्यात समोर-मांगं नाही जी. गोलच बसतो. या अक्षरायलेही तसंच शिकवलं."

"कोणालाही उभं करा."

"मी कोन यायले समोर करनारी?"

साहेबांनी चिठ्ठ्या टाकू म्हटलं. अक्षरांनी नम्रपणे नकार दिला. वयाप्रमाणे घ्यावं, तर सगळी एकाच दिवशी जन्मलेली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आणलेली भाकर आम्हालाही दिली, आणि तीही गोलातच बसवून. मला राग यायला हवा होता. इतक्या अर्जदारांनी या टेबलावर ढकलाढकली केलीय, की मला उलट भरून आलं.

पावणेपाच वाजले. साहेबांनी फाइलची दोरी बांधायला घेतली. सुकमतीबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, घरी जाऊ."

फाटकाकडे जाणारा बोळ अरुंद आहे. अक्षरं उठली आणि आपसूक एकामागे एक झाली. सगळ्यात पुढे एक लंगडं अक्षर होतं.

"हे काय, बाई?" मी विचारलं.

"जंगलातली वाट बारीक राहते जी. जो हळू चालते तो समोर. मंग मांगं कोनी सुटत नाही."

"साहेब, रांग!" मी ओरडलो.

कुंभारे साहेब नोंदवही घेऊन अनवाणीच धावले. लंगड्याला एक, त्याच्या मागच्याला दोन, असं करत मी फाटकात उभा राहून क्रमांक वाटू लागलो. लंगड्याला तेवढा बोळ ओलांडायला अकरा मिनिटं लागली. मागची बहात्तर अक्षरं त्याच्या पावलाने चालली, एकानेसुद्धा 'जरा चल रे' म्हटलं नाही. चाळिसाव्या अक्षराला पाच वाजून गेले. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ फिरवली आणि लिहीत राहिले. या माणसाबद्दल मी आजवर जे काही बोललो असेन, ते मागे घेतो.

सुकमतीबाईंनी पायरीवर बसूनच थोरलीला तोच आजारपणाचा मेसेज पुन्हा पाठवला. तो गुरुवारी पोहोचला. उशीर का झाला, याची मी रीतसर तपासणी केली. लंगडं अक्षर पुढे असतं आणि त्याला ओलांडून कोणी जात नाही, म्हणून दोन दिवस लागतात. साहेबांनी त्यावर 'योग्य आहे' असा शेरा मारला.

थोरलीचं उत्तर शनिवारी आलं. बाईंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं.

"सगळी पोहोचली. थकली होती. बसवून पाणी दिलं, मग वाचलं. आता बरी आहेस ना?"