घरबसल्या दुरुस्तीचं प्रात्यक्षिक

खुर्चीतून न उठता कुठलाही कॉम्प्युटर ताळ्यावर आणून दाखवीन, असं रिस्टार्टराव छातीठोकपणे सांगत! त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण कुणीही काहीही तक्रार घेऊन आलं की "एकदा बंद करून चालू करा" ही एकच पुडी ते बांधून देत, म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव चिकटवलं होतं.

त्या दिवशी ते घरून काम करत होते आणि शेजारी खुर्ची ओढून सासरे बसले होते. सासरे पाणीपुरवठ्यातले निवृत्त व्हॉल्व्हमन. उभा जन्म चिखलात गुडघे टेकून काढलेला माणूस! खुर्चीत बसून केलेल्या कामाला काम म्हणतात, हे त्यांना मुळी मान्यच नव्हतं. आणि नेमका धाकट्या मुलीने लग्नासाठी पसंत केलेला मुलगाही रावांच्याच धंद्यातला निघाला. "एक बसका जावई पुरे झाला," असं म्हणून सासऱ्यांनी गाडं अडवून धरलं होतं.

सकाळीच मेहुणीचा रडवेला फोन आला होता.

"भाऊजी, माझं लग्न आता तुमच्या हातात आहे! बाबांना एकदा दाखवा ना, तुमचं काम किती कठीण असतं ते. आणि घोळ घालू नका हं!"

"घोळ? मी? तू साड्या बघायला लाग!"

तेवढ्यात स्क्रीनवर तक्रार आली. मीटिंगच्या हॉलमधला कॉम्प्युटर गोगलगायीसारखा चालत होता आणि दुपारी साहेबांकडे बाहेरची मंडळी येणार होती. राव खुशीत आले. प्रात्यक्षिकाची संधी आयती चालून आली!

"बघा बाबा, हा हॉलमधला कॉम्प्युटर. मी इथे, तो तिथे!"

"आणि ही दुसरी चौकट कसली?"

"ते मुख्य मशीन. ऑफिसचा सगळा कारभार त्याच्यावर. सकाळी जरा तपासत होतो. आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट लक्षात ठेवा, बाबा. हात लावण्याआधी आपण कुठल्या मशीनवर आहोत ते बघायचं! नवशिके इथेच माती खातात."

"मला काही दिसत नाही बुवा. अक्षरं फार बारीक आहेत."

जावयाच्या अंगात भलता उत्साह संचारला. त्यांनी चौकट मोठी केली. इतकी मोठी की तिने अख्खी स्क्रीन व्यापली आणि मशीनचं नाव लिहिलेली वरची पट्टी दिसेनाशी झाली. ती चौकट मुख्य मशीनची होती! आणि सासऱ्यांकडे बघून हसता हसता रावांनी जे बटण दाबलं, ते बंद करून चालू करण्याचं नव्हतं. त्याच्या शेजारचं, नुसतं बंद करण्याचं होतं.

स्क्रीन काळी झाली.

"गेलं की हो!" सासरे म्हणाले.

"जाणारच! आता येईल चालू होऊन. चहा घ्या."

चहा झाला. दुसरा चहा झाला. एकही तक्रार आली नाही. एकही फोन वाजला नाही. रावांनी पाय लांब केले.

"ऐकताय का बाबा?"

"काय?"

"शांतता! कसलेला माणूस कामावर असला की ही अशी शांतता असते!"

सासऱ्यांनी भुवया उंचावल्या. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुकासारखं काहीतरी उमटत होतं. मनातल्या मनात राव मेहुणीच्या लग्नाच्या पंगतीत जाऊन बसले.

इकडे ऑफिसात हलकल्लोळ माजला होता! मुख्य मशीन झोपल्यामुळे कॉम्प्युटर अडले. टेबलावरचे फोन त्याच मशीनवरून चालत, तेही मुके झाले. तक्रार नोंदवायची स्क्रीनवरची खिडकीही तिथेच, तीही गेली. रावांचा मोबाइल नंबर शोधावा, तर ती यादीसुद्धा त्याच मशीनमध्ये!

नंबर पाठ असलेली एकच व्यक्ती ऑफिसात होती. हिशेब विभागात बसणारी त्यांची बायको. पण नवऱ्याने तिला ताकीद दिली होती की ऑफिसची तक्रार त्यांच्या मोबाइलवर सांगायची नाही. बिचारीने बराच वेळ शिस्त पाळली. मग साहेब स्वतः येऊन टेबलासमोर उभे राहिले, तेव्हा तिने आपल्या मोबाइलवरून फोन लावला.

"अहो..."

"तक्रार नोंदवलीस का?" राव सासऱ्यांकडे डोळे मिचकावत म्हणाले.

"अहो, ऐका तरी..."

"आधी तक्रार नोंदव. घरच्यांना वेगळा न्याय नाही!"

"नोंदवू कुठे, कपाळावर? सगळं ऑफिस आडवं झालंय! साहेब समोर उभे आहेत!"

रावांचे पाय आपोआप खाली आले. त्यांनी काळी चौकट लहान केली, वरच्या पट्टीवरचं मशीनचं नाव वाचलं आणि चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं जावईबापू?"

"बाबा, ते... मुख्य मशीन..."

"म्हणजे एका घराचा नळ दुरुस्त करायला गेलात आणि अख्ख्या गावाचा व्हॉल्व्ह बंद केलात?"

"तसंच."

"मग उघडा की इथून!"

"इथून उघडत नाही. बंद मशीनला हुकूम ऐकू येत नाही."

"मग उठा!" असं म्हणत सासऱ्यांनी चपला चढवल्या. इतक्या वर्षांत जावयाबरोबर कामावर जायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

ऑफिसात पोचल्यावर कळलं की मशीनच्या खोलीचं दारही उघडत नाही. त्याला कार्ड लावून उघडायचं कुलूप होतं, आणि ते कुलूप परवानगी मागायचं मुख्य मशीनकडे. जुनं किल्लीचं कुलूप "मागासलेपणाचं लक्षण" म्हणून रावांनीच काढायला लावलं होतं! दाराच्या वरची हवेची झडप तेवढी उघडी होती. सासऱ्यांनी ओणवं होऊन पाठ दिली. अख्ख्या ऑफिसच्या देखत राव त्यांच्या पाठीवर चढले, झडपेत अर्धे शिरले आणि अडकले.

"ढकला!" साहेब ओरडले.

हिशेब विभागाने पाय धरले, बायकोने डोळे मिटले आणि राव पलीकडे धप्पकन पडले. पँट मात्र दाराच्या अलीकडेच टरकली होती. रांगत जाऊन त्यांनी मशीनचं बटण दाबलं. थोड्या वेळाने सगळे फोन एकदम किंचाळायला लागले आणि दार आपलं आपण, अगदी अदबीने उघडलं.

"एवढं एक बटण दाबायचं होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"हं," सासरे म्हणाले आणि आपली पाठ चोळत बाहेर गेले. साहेब काय बोलत होते, ते रावांच्या कानात शिरतच नव्हतं. पोरीचं लग्न आपल्या फुशारकीपायी मोडलं, हीच टोचणी मनाला लागली होती.

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. रावांनी घाबरत घाबरत उचलला.

"भाऊजी! बाबा हो म्हणाले!"

"काय सांगतेस!" राव ताडकन उठून उभे राहिले. गेलेली ऐट क्षणात परत आली. "अगं, मी म्हटलं नव्हतं? शेवटी कळलं ना त्यांना, किती कौशल्याचं काम आहे ते!"

"हो ना! म्हणाले, त्या मुलाला लगेच कळव. दोन जावयांपैकी एकाला तरी काम येत असेल!"