चुकीच्या गुडघ्याची तारीख

आमच्या बिल्डिंगमधला पेडणेकर भाऊ दात काढायला गेला तेव्हा उजव्या गालावर स्केचपेनने बाण काढून गेला. डाव्या गालावर लिहिलं होतं, 'इकडे काही नाही.' नाहूर स्टेशनवरून दवाखान्यापर्यंत तसाच चालत गेला. लोक हसले. भाऊ म्हणाला, हसा, भूल दिल्यावर कुठला दात ते सांगायला माझी जीभ वळणार आहे का?

माझ्या मोतीबिंदूच्या वेळी हा सकाळीच पेन घेऊन दारात. मी म्हटलं, माझ्या कपाळावर काही लिहिलंस तर कोयत्याने हात तोडीन. मासळी विकण्यात माझा जन्म गेला, कोयत्याला अजून धार आहे. मग त्याने गुपचूप माझ्या चष्म्याच्या एका काचेवर फुली मारून ठेवली.

दुसरी खोड म्हणजे 'लेखी द्या'. कंपाउंडर म्हणाला ताप आहे, तर लेखी द्या. नर्स म्हणाली डॉक्टर येतीलच इतक्यात, तर ते 'इतक्यात' पण लेखी द्या. बिल्डिंगमधलं कोणी ॲडमिट झालं की बिल तपासायला हा हजर. एका बिलात हातमोजेच इतके लावले होते की भाऊने काउंटरवर विचारलं, ऑपरेशन माणसाने केलं की खेकड्याने?

हे सगळं सुरू झालं नलिनीपासून. नलिनी त्याची बायको. तिचा उजवा गुडघा दुखायचा. भाऊने तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. गार हवा, लॉबीत पियानो. तिथे त्यांनी तिचा डावा गुडघा बदलला. चूक झाली म्हणता? छे. डावाही पुढेमागे खराब झालाच असता, म्हणाले. म्हणजे उपकारच. उजवा करायचा असेल तर सवलत देऊ, असंही म्हणाले. आमच्या बाजारात सुरमई सांगून स्वस्तातली मुशी दिली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ती तोंडावर आणून मारतं आणि आम्ही मुकाट पैसे परत करतो. पण आमच्याकडे पियानो नाही.

नलिनीने ग्राहक कोर्टात केस टाकली, स्वतःच्या सहीने. लंगडत तारखांना गेली. मग एक दिवस हार्ट अटॅकने गेली. केस मात्र जागेवरच होती. तिच्या जागी भाऊ उभा राहिला.

दुसऱ्या मजल्यावर सामंत डॉक्टर राहतात. ते आणि भाऊ लिफ्टपाशी भेटले की लिफ्ट वर जाऊन रिकामी खाली यायची. डॉक्टर म्हणायचे, तुमच्यासारखे लोक केसेस टाकतात म्हणून आम्हाला विमे काढावे लागतात. नुसतं डोकं दुखलं तरी स्कॅन काढून ठेवावा लागतो, उद्या कोर्टात विचारलं तर? मग बिलं वाढणारच. भाऊ विचारायचा, म्हणजे तुम्ही घाबरलात त्याचंही बिल पेशंटनेच भरायचं? लेखी द्या. मी म्हणायचे, दोघांचंही खरं आहे, आता लिफ्ट सोडा, माझे पण गुडघे आहेत.

यंदा हॉस्पिटल नमलं. भरपाई देतो, चूक झाली असं लेखीही देतो, म्हणालं. भाऊने आजवर मागितलं ते सगळं. तर हा सही करायला जाईना. एका तारखेला पोट बिघडलं, एका तारखेला चष्मा सापडेना. शेवटी त्याच्या वकिलाने मला फोन केला. म्हणाला, मावशी, आज हे आले नाहीत तर समोरचे माघार घेतील, तुम्ही त्यांना ओढून आणा.

आणला ओढून. रिक्षात त्याची खरडपट्टी काढली. बायकोला लंगडी केली म्हणून इतकी वर्षं भांडलास, आता सगळं मिळतंय तर नाटकं कसली करतोस? भाऊ रिक्षाच्या आरशात बघून भांग नीट करत होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, लग्नाला निघाल्यासारखा.

कोर्टाबाहेर बाकावर बसलो. वकिलाच्या हातात कागद तयार. शिपाई दारात आला आणि त्याने खणखणीत हाक दिली, "नलिनी सदाशिव पेडणेकर." केस तिची, म्हणून पुकाराही तिच्याच नावाचा.

वकील ताडकन उठला. भाऊ हलला नाही. ऐकू आलं नसेल म्हणून मी त्याला कोपराने ढोसलं.

"थांब ना मावशी," तो हळूच म्हणाला. "पहिल्या हाकेला मी कधीच उठत नाही. नाही उठलं की तो परत नाव घेतो. घरात आता कोण घेतं तिचं नाव? आज सही केली की इथलं पण बंद."

शिपायाने पुन्हा हाक मारली, जरा चिडून. भाऊ बाकाला हात टेकून उठायला लागला. मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. वकील तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला म्हटलं, "तू पण बस रे. शिपायाचा घसा चांगला आहे, तिसऱ्यांदा घेईल."