सहा-सहा, आणि खाली माझी सही

माझ्यावर झालेला अन्याय मी आता चारचौघांत मांडणार आहे, कारण घरात तो कुणी ऐकून घेत नाही.

सुरुवात एका सहीनं झाली. आमच्या सोसायटीच्या टेनिस कोर्टचा मी सेक्रेटरी. (दुसरं कुणी तयार नव्हतं, पण मुद्दा तो नाही.) आमच्याकडे सहा-सहा गेम झाले की भांडण व्हायचं आणि जो आधी दमेल तो घरी जायचा. म्हणून कमिटीतल्या अमितनं पानभर नियम टाइप करून आणले. वर ठळक अक्षरांत 'टायब्रेकर'. मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. रोज शंभरेक कागदांवर 'तपासले' लिहून सही ठोकतो. हातानं सवयीनं इथंही ठोकली. कागद लॅमिनेट होऊन कोर्टच्या जाळीवर लागला.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, रविवारी एक सेट खेळू या का? हरेल त्यानं महिनाभर सकाळचा चहा करायचा."

शैला तीन महिन्यांपासून कोचिंगला जात होती. मी अकरा वर्षं खेळतोय. मी मोठ्यानं हसलो. (ते हसणं ती अजून पाहुण्यांना करून दाखवते.) आमच्या लेकीनं, इरानं, लगेच पैज कागदावर लिहून आणली. मी एका हातात पोहे धरून दुसऱ्या हातानं सही केली. एकवीस वर्षं मला अंथरुणात चहा मिळतोय, तो सुटायचा प्रश्नच नव्हता.

रविवारी सहा-सहा झाले. कसे झाले ते विचारू नका.

अंपायर होता सहादू, आमचा वॉचमन. हरसूलचा. सहा वर्षं गेटपेक्षा कोर्टकडेच त्याचं लक्ष.

"टायब्रेकर!" तो म्हणाला. "म्याडम, तुमी एक सर्व्हिस. मग साहेब दोन, मग तुमी दोन."

"तिला एक आणि मला दोन? का?" मी विचारलं. फायदा माझाच होता, पण पद्धत म्हणून काही असते की नाही!

"साहेब, कागदावर हाय."

सहा पॉइंट झाल्यावर तो म्हणाला, "बाजू बदला." आमच्याकडे बाजू बदलायची पद्धतच नव्हती; मी पहिल्यापासून उन्हाकडे पाठ करून खेळत होतो. ती बाजू मिळावी म्हणून पावणेसातला येऊन उभा राहिलो होतो! आता पांडवलेण्यांच्या डोंगरापर्यंत सगळं ऊन माझ्या डोळ्यांत.

"हे कुठल्या गाढवानं ठरवलं?"

"खाली सही तुमची हाय, साहेब."

तरीही मी झुंजलो. पॉइंटही सहा-सहा झाले, तेव्हा शैलाचा चेंडू जाळीत गेला आणि मी सात केले! रॅकेट आकाशात फेकली. अमितला मिठी मारली. सगळ्यांना मिसळ जाहीर केली. शैलाला सांगितलं, "उद्या आलं जरा जास्त घाल."

शैला जागची हलली नाही. सहादूही नाही.

"साहेब, दोनचा फरक लागतो. सात-सहा झालंय. खेळा."

"आधी सात करेल तो जिंकला! मला नियम शिकवतोस? नियम मी काढलेत!"

सहादूनं मला हाताला धरून जाळीपाशी नेलं. चौथा नियम होता: दोन पॉइंटांचा फरक पडेपर्यंत खेळ चालू राहील. खाली माझ्याच अक्षरात 'तपासले'.

मला इतका संताप आला की पुढच्या माझ्या दोन सर्व्हिस मी रागातच मारल्या. चारही चेंडू बाहेर, म्हणजे दोन डबल फॉल्ट. सात-आठ. मग शैलानं एक हलकीशी सर्व्हिस टाकली. ती मी अशी काही परतवली, की तो चेंडू आम्ही अजून पार्किंगमध्ये शोधतोय. सात-नऊ, हरलो. मिसळ मात्र सगळ्यांनी दोन-दोन प्लेट खाल्ली, कारण ती जाहीर झालेली होती.

महिनाभर मी चहा केला. एकतिसाव्या दिवशी चादर डोक्यावर ओढून पडून राहिलो.

"उठा," शैला म्हणाली.

"महिना संपला!"

"इरा, बाबांना कागद दाखव गं."

पैजेच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत होतं: महिन्यानंतरही, चांगले चहा वाईट चहांपेक्षा दोनानं जास्त होईपर्यंत ड्यूटी चालू राहील. पंच: सहादू. शेजारी 'तपासले' आणि पोह्यांचा तेलकट डाग.

आता रोज सकाळी एक कप शैलाला आणि एक गेटवर. सध्या चांगले तीन, वाईट एकेचाळीस. आज सहादूनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चेंडू आउट दाखवतात तसा हात बाहेर केला.

"डबल फॉल्ट, साहेब. साखर बी नाय, पत्ती बी नाय."