जगदाळ्यांचं जागं शस्त्र

“माशांचा आणि आमच्या घराण्याचा संबंध तीन पिढ्यांचा आहे, साहेब!”

तुकोजीराव जगदाळ्यांनी हे वाक्य असं ठणकावलं, की पीथमपूरच्या त्या नव्या कारखान्याच्या मॅनेजरने हातातला पेन खाली ठेवला. मुलाखत खरं तर स्टोअरकीपरच्या जागेची होती. तुकोजीराव इंदूरच्या मिलमध्ये स्टोअरबाबू होते, तेव्हा त्यांच्या सहीशिवाय सुई हलत नसे. मिल बंद पडली, सही तशीच राहिली, हलवायला सुई उरली नाही! चार वर्षं घरी बसलेल्या माणसाला कुणी गार केबिनमध्ये खुर्ची दिली, वर चहा विचारला, की जीभ सैल सुटणारच.

त्यात मॅनेजर सुजय साहेब निघाले रत्नागिरीचे! तरुण माणूस, माळव्यातल्या पोहे-जिलबीवर दिवस काढणारा. भिंतीवर समुद्राचा फोटो लावून बसला होता. त्याने सहज विचारलं, “जगदाळे म्हणजे जुन्या दरबारातले का?”

“म्हणजे काय! आजोबा थेट सरकारांच्या नोकरीत. पाण्याचा रंग बघून सांगायचे, खाली रोहू आहे की कतला. भाला मारला की मासा वर!”

तुकोजीरावांनी आजोबांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं. स्वतः ते गुडघ्याच्या वर पाणी आलं की राम राम म्हणायला लागत. पण साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी कपाट उघडलं आणि दोन लांबुळक्या पिशव्या टेबलावर ठेवल्या.

“जगदाळे, देवानेच पाठवलं तुम्हाला! माझा मेहुणा जहाजावर असतो. त्याने या दोन स्पीअरगन आणल्यात. पाण्यात बुडी मारायची आणि माशावर भाला सोडायचा. ही रबराची, ही हवेच्या दाबाची. मी अगदी नवशिका, दिवाळीत गावी पहिल्यांदाच समुद्रात उतरणार. एक ठेवायची, एक मेहुण्याला परत द्यायची. कोणती ठेवू?”

आता ‘मला नाही ठाऊक’ म्हणायला फार तर एक श्वास लागला असता. तो तुकोजीरावांनी दाढी कुरवाळण्यात घालवला.

“साहेब, घोडा आणि हत्यार घरी बांधूनच पारखावं.”

“मग घेऊन जा! खंडेनवमीला मी इंदुरात आहेच.”

“तर मग आमच्याकडेच जेवायला या. आमच्याकडे शस्त्रपूजा असते. कोणती ठेवायची ते देवासमोर सांगतो!”

“वा! आणि ऐका, ज्याला हत्यार पारखता येतं, त्याच्या हातात माझं स्टोअर डोळे मिटून देईन. नोकरीचंही तेव्हाच पक्कं करू. फक्त एक, ही पाण्याबाहेर कधी ताणायची नाही हं.”

“हे आम्हाला सांगताय, साहेब?” तुकोजीराव हसले. त्यांनी ऐकलं होतं फक्त ‘नोकरी’.

जुन्या इंदुरात घरी आल्यावर कमलने, म्हणजे त्यांच्या बायकोने, पिशव्यांकडे बघत विचारलं, “अहो, नोकरी आणायला गेला होतात ना? ह्या छत्र्या कुठल्या उचलून आणल्या?”

“नोकरी ह्यातच आहे.”

“मग काढा की बाहेर,” ती म्हणाली आणि पोळी उलटायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून पारख सुरू झाली. हवेची बंदूक घेऊन तुकोजीराव नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने ती उलटीपालटी केली, नळीत फुंकलं, कानाला लावली.

“भिया, इसमें वाल्वच नाहीये. हवा भरू कुठून?”

तोवर गर्दी जमली. कुणी विचारलं पडद्याचा दांडा आहे का, कुणी विचारलं डास मारायचं नवीन मशीन आहे का. एका म्हाताऱ्याने तर काळजीने हात धरला. “गौतमपुऱ्याला हिंगोटच्या जळत्या गोळ्यांची लढाई खेळायला चालला का भिया? अरे, या उमरमध्ये कशाला!” तुकोजीराव गल्लीबोळातून घरी परतले आणि त्यांनी निकाल दिला, की हवेचा माल खराब आहे. म्हणजे रबराची चांगली. झाली पारख!

खंडेनवमीच्या सकाळी खरा तमाशा उभा राहिला. पाटावर मांडायला शस्त्र हवं ना! जगदाळ्यांच्या घरात त्या दिवशी पुजलं जायचं ते एकच. आजोबांची विळी. साधीसुधी नव्हे, हातभर पात्याची, सागवानी पाटाची. तिच्यावर आजोबांनी सरकारी मुदपाकखान्यात जन्मभर मासे चिरले. माशांचा तीन पिढ्यांचा संबंध म्हणतात तो हा!

“आज विळी नको,” तुकोजीराव म्हणाले.

त्यांची आई, मनोरमाबाई, चष्म्यावरून बघायला लागली. “मामंजींची विळी नाही तर नवमी कसली रे, तुक्या?”

“अगं, साहेब येतायत. विळी बघून काय म्हणतील?”

“म्हणतील, धार चांगली आहे.”

शेवटी तडजोड झाली. विळी पाटावर राहील, पण जरीच्या शेल्याखाली. शेजारचे चिंतामण भिया खऱ्या घोडदळवाल्यांच्या घरातले. त्यांची पूजा पहाटेच उरकली होती. “बारा के पहले वापस!” या अटीवर त्यांनी तलवार उसनी दिली. ती तुकोजीरावांनी मधोमध ठेवली, आणि तिच्याजवळ रबराची बंदूक.

पण मनाला काही बरं वाटेना. शस्त्र पुजायचं ते जागं पुजायचं, म्यानातून काढून, अशी रीत. तलवार नागवी, शेल्याखाली का होईना विळीचं पातं उघडं, आणि बंदूक तेवढी ढिल्या रबराने पेंगत पडलेली! साहेब म्हणतील, या शिकाऱ्याला हत्यार सज्ज करता येत नाही. तुकोजीरावांनी दार लोटलं, बंदुकीची मूठ पोटाला लावली आणि रबर ओढायला घेतलं. एकदा सुटलं ते कोपराला लागलं. दुसऱ्यांदा ते स्वतःच उताणे पडले. आई दाराच्या फटीतून म्हणाली, “पोट दुखतंय का रे? ओवा देऊ?” तिसऱ्यांदा कट् आवाज झाला आणि रबर खाचेत बसलं. बंदूक जागी झाली! खटका अडवायची एक छोटी कळ होती. ती त्यांनी पुढे-मागे करून पाहिली आणि जिथे थांबली तिथे राहू दिली. भाल्याला बांधलेली लांब दोरी इकडे तिकडे लोळत होती. ती सुबक दिसावी म्हणून त्यांनी शेल्याच्या गाठोड्याभोवती चार वेढे घातले.

साहेब आले. स्वयंपाकघरातून तळल्या माशांचा वास आला आणि त्यांनी दारातच डोळे मिटले. नवमीचा नैवेद्य जगदाळ्यांकडे सामिष असतो.

“आणि या शेल्याखाली काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“खानदानी शस्त्र. बाहेरच्यांना दाखवत नाहीत.”

आतून मनोरमाबाईंना खोकला आला.

कमल पदर खोचून पूजेला बसली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मग प्रत्येक शस्त्राला लाल नाडा बांधायचा. तलवारीच्या मुठीला बांधला. बंदुकीला कुठे बांधावा? अंगाने सगळीकडे गुळगुळीत. खाली मात्र एक छानसा आकडा होता, नाडा बांधायलाच केल्यासारखा.

“तर साहेब,” तुकोजीराव घसा खाकरून म्हणाले, “नवशिक्याने रबराचीच घ्यावी. गरीब असते. सांगितल्याशिवाय हलत नाही.”

कमलने गाठ आवळली.

फटाक्!

भाला उघड्या दारातून सुसाट गेला. दारावरचं झेंडूचं तोरण गेलं, बाहेरच्या कट्ट्यावर काढून ठेवलेल्या साहेबांच्या नव्या बुटांतला एक गेला, आणि अंगणापलीकडे चिंतामण भियांच्या न्हाणीघरावरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत भाला खच्चकन घुसला. मागोमाग दोरी उलगडत गेली, तिच्याबरोबर जरीचा शेला गेला. पाटापासून टाकीपर्यंत एक वाळवणाची दोरी तयार झाली आणि तिच्यावर तोरण, शेला आणि बूट झुलायला लागले. कुणाला खरचटलंही नाही ही देवाची कृपा! कमलच्या हातात नाडा तसाच होता. आणि पाटावर, सगळ्यांच्या समोर, मनोरमाबाईंनी आधीच गुपचूप हळद-कुंकू लावलेली विळी बसली होती.

“क्या कर डाला रे, तुकोजी भिया!” चिंतामण भिया निथळत आत आले. “एक दिवसाआड नळाला नर्मदा येते, अन् तू माझी टाकी फोडून टाकली? वर माझी तलवार अजून इथंच! बाराच्या आत देतो म्हणाला होता ना?”

“तुमची तलवार?” साहेबांनी विचारलं.

“मग कुणाची? यांच्याकडे कुठून येणार तलवार!”

मनोरमाबाई मात्र बाहेर येऊन विळीसमोर बसल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. “बरं झालं उघडी पडली! साहेब, ही आमच्या मामंजींची. सरकारांच्या पंगतीला मासा लागायचा तो हिच्यावरचा. जन्मात कुणाच्या घशात काटा अडकला नाही!”

साहेब तुकोजीरावांकडे बघत राहिले. चोरी पकडली गेल्याची लाज होतीच. पण आईने ज्या अभिमानाने त्या पात्यावर हात ठेवला, तो बघून तुकोजीरावांना आणखी खोल कुठेतरी लाज वाटली. तोंड लपवायला शेलासुद्धा जवळ नव्हता. तो टाकीपाशी लोंबत होता.

साहेबांनी दोरीवरून बूट काढून पायात घातला.

“जगदाळे, आता खरं सांगा. कोणती घेऊ?”

“हवेची घ्या, साहेब,” तुकोजीराव जमिनीकडे बघत म्हणाले. “ती माझ्याकडून चाललीच नाही.”

साहेब हसले नाहीत. “स्टोअर काही मी तुम्हाला देणार नाही. जो माहीत नसलेलं हत्यार भरून ठेवतो, त्याच्या हाती किल्ल्या कशा देऊ? कँटीनला मुख्य स्वयंपाकी हवाय, एवढंच आहे. मासे करता येतात?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुकोजीरावांनी सरळ उत्तर दिलं. “नाही येत.”

“मला येतात,” कमल म्हणाली. तिच्या हातात अजून नाडा होता. “ताट वाढते. जेवून बघा, मग बोला.”

साहेब जेवले. दोनदा भात घेतला, तिसऱ्यांदा फक्त कालवण. बोट चाटून झाल्यावर ते कमलला म्हणाले, “कंपनीची बस सोमवारी कोपऱ्यावर थांबेल.”

बस थांबली. कमल नव्या चपला घालून निघाली. नवी टाकी येईपर्यंत चिंतामण भियांच्या घरी पाणी भरून देणं तुकोजीरावांकडे आलं होतं, म्हणून ते दोन बादल्या घेऊन त्याच वेळी तिच्या मागून येत होते. पानवाल्याने हाक मारली, “राम राम, शिकारी!” तुकोजीरावांनी ऐकलंच नाही असं केलं.

कमल चढली, बस सुरू झाली, आणि तिने खिडकीतून डोकं काढून अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं सांगितलं, “अहो! दुपारी विळीला धार लावून ठेवा. आणि बोटं जपा, ती जागीच असते!”