भरल्या सीटांचा नेम

बायको गेल्यापासून तोतारामभाऊ रोज सकाळी गाडी काढत. जायचं कुठंच नसे. पोस्टातली नोकरी संपलेली, मुलगी संजीवनी नाशिकला. आधी अंगणात पंधरा मिनिटं इंजीन चालू ठेवून नुसतं बसायचं, कारण तेवढा वेळ घरात कोणाचा तरी आवाज असल्यासारखं वाटे. मग मोताळ्यापर्यंत जाऊन यायचं. शेजारच्या सीटवर रुक्मिणीबाईंची उशी अजून तशीच होती. "हळू चालवा," असं मात्र कोणी म्हणत नसे.

आषाढी एकादशीला शेजारच्या मंजुळाबाई कुंपणापाशी आल्या. हातात तुळशीचं पान होतं.

"भाऊ, हे पाहा. तुमच्या गाडीच्या धुरानं माही तुळस काळी केली."

"जुनी डिझेलगाडी हाये, वैनी."

"गाडी जुनी हाये, पण काम तं असावं ना काही. एका माणसाले फिरवाले एवढा धूर काऊन?"

तोतारामभाऊंनी पानावरून बोट फिरवलं. काजळी बोटाला आली. ही तुळस रुक्मिणीबाईंनीच लावून दिली होती. त्या दर चातुर्मासात काही ना काही सोडत. यंदा आपणही सोडावं म्हणून भाऊंनी वांगं सोडलं होतं. पण वांगं त्यांना मुळातच आवडत नसे, आणि "सोडायचं तं जिवाले लागन असं सोडा," हे रुक्मिणीबाईंचं बोलणं दिवसभर कानात होतं.

संध्याकाळी देवापुढे बसून त्यांनी तळहातावर पाणी घेतलं. कार्तिकी एकादशीपर्यंत सगळ्या सीटा भरल्याशिवाय गाडीचं चाक फिरणार नाही. पाणी ताम्हनात सोडलं. नेम झाला.

मग महिनाभर गाडी अंगणात उभी राहिली आणि घर आणखी गप्प झालं. तुळस हिरवी झाली. तोतारामभाऊ सकाळी गाडी पुसत, उशी झटकत आणि आत येऊन एकट्यापुरता चहा मांडत.

श्रावणात संजीवनीचा फोन आला. "आबा, गुरुवारी येऊन राह्यली. एकच दिवस हाये. मलकापूर स्टेशनवर याल ना?"

वर्षानं येणारी मुलगी, तीही एका दिवसापुरती. सीटा भरायला भाऊंनी त्याच दुपारी गावात फेरी मारली. मंजुळाबाईंना गुडघे दाखवायचे होते. केस कापणाऱ्या शेखरला कात्र्यांना धार लावायची होती. कडूबाला फवारणीचा पंप घ्यायचा होता. चौथं कोणी मिळेना, तेव्हा कडूबाची बायको अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मले काम नाही काही. पण सीट भराले येते."

गुरुवारी गाडी खच्चून भरून निघाली. भाऊ खूश होते. रेल्वे दीड तास उशिरा आली, तोवर सगळ्यांची कामंही उरकली. संजीवनी हसत बाहेर आली आणि गाडीच्या दाराशी थबकली.

"आबा, मी कुठं बसू?"

भाऊंनी जाण्याच्या सीटा मोजल्या होत्या. येण्याच्या मोजल्याच नव्हत्या.

"कोणी तरी एक उतरा ना बे," कडूबा न हलता म्हणाला. "मी उतरलो असतो, पण येस्टीवाला पंप घेत नाही."

"माहे गुडघे त्या पायऱ्या चढत नाहीत," मंजुळाबाई म्हणाल्या.

"मले येस्टीत उलटी होते," शेखर म्हणाला.

"मी एकटी कधी येस्टीत बसलीच नाही," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"मीच जाते मग येस्टीनं," संजीवनी म्हणाली.

"वर्षानं आली, अन् तुले येस्टीत घालू?" भाऊंनी किल्ली तिच्या हातात दिली. "मीच तुले शिकवली चालवाले. हळू चालव."

गाडी निघून गेली. आत सगळे बोलत होते, ते काचेतून दिसलं.

एसटी आली. एवढ्या मोठ्या गाडीत भाऊ एकटेच. कंडक्टर म्हणाला, "बसा कुठंबी, काका. आज तुमच्यासाठीच चालली." भाऊंनी एसटीमागे सुटलेला धूर पाहिला. हिच्या धुरापुढं आपली गाडी म्हणजे उदबत्ती. लेकीच्या एका दिवसातले दोन तास असेच जाणार, हे मनाशी मोजून ते खिडकीशी बसले.

मोताळ्याच्या स्टँडवर एकच प्रवासी चढला. खांद्याला पिशवी, हातात रुक्मिणीबाईंची उशी.

"सरका आबा."

"अन् गाडी?"

"शेखरदादाजवळ दिली. मी काय मंजुळाकाकूच्या गुडघ्याले भेटाले आली का?"

"एक सीट रिकामी गेली ना पण. नेम मोडला."

"नाही मोडला. तिथं कडूबाकाकाचा पंप बसवला, पट्टा लावून."

पंप देवाला चालेल का, याचा भाऊंनी बराच विचार केला. मग उशी मांडीवर घेतली. आपलं गाव धामणगाव येईपर्यंत दोघं बोलत राहिली. बसचा आवाज मोठा होता, म्हणून जरा जवळ सरकून.

"आबा, उद्या सकाळी मले सोडाले पुन्हा तीन जण लागतीन."

"लागतीनच. नेम हाये."

"अन् नाही भेटले तं?"

भाऊ बाहेर पाहू लागले. "नाही भेटले तं थांबा लागन."

"थांबीन मग," ती सहज म्हणाली.

गावात उतरल्यावर संजीवनी घराचं कुलूप काढत होती, तेवढ्यात भाऊ कुंपणापाशी गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वैनी, उद्या तुमच्या गुडघ्याले आराम द्या. अन् कडूबालेही सांगजा, मलकापूरले काही काम काढू नको म्हणा."